परसात सरडे, सापसुरळ्या आणि अधूनमधून घोरपड: काय ठेवायचं, काय हलवायचं?

अंगण_तळेगाव

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाडेजवळ रो-हाउस आहे. मागचं परस ३० बाय २२ फूट. तीन बाजूंना साडेचार फुटी भिंत, पलीकडे पडीक रान आणि ओढा. परसात जास्वंदीची रांग, कढीपत्ता, लिंबू. घराच्या भिंतीला टेकवून बांधकामातल्या उरलेल्या विटा आणि फरशा. मागच्या दाराजवळ, नळाशेजारी कंपोस्टचा खड्डा.

वस्तीला कोण कोण आहे ते सांगते. जास्वंदीवर सरडे (सध्या एकाचा गळा लालभडक), फरशांखाली सापसुरळ्या, स्वयंपाकघरात आणि बोअरच्या स्टार्टरच्या पेटीत पाली, पाऊस पडला की भेक. महिन्याभरात दोनदा भर दुपारी एक घोरपड भिंतीवरून उतरून कंपोस्टपर्यंत आली.

घरात चार वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि कुत्रा. आजूबाजूचे सल्ले असे: सगळी झुडपं काढून फरशी घाला, भिंतीकडेने कार्बोलिक ॲसिड टाका, वर्षभराचं पेस्ट कंट्रोल लावा. मला यातलं कोणीच घालवायचं नाहीये. ते घरात येऊ नयेत आणि त्यांच्या मागावर साप दारापर्यंत येऊ नये, एवढंच. नेमकं काय कुठे हलवू? आणि सापसुरळीला विष असतं की नाही, हे सासूबाईंना कोणीतरी ठाम सांगा.

बांध_आणि_कुंपण

आधी सासूबाईंसाठी. सापसुरळी बिनविषारी. सरडा बिनविषारी. पाल बिनविषारी. घोरपडही चावून विष चढवत नाही. महाराष्ट्रात पायांचा असा एकही सरपटणारा प्राणी नाही जो चावल्याने माणूस विषाने दगावतो. सरड्याचा गळा लाल होतो तो विणीच्या हंगामातला नर असतो म्हणून. रक्त पिण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुधात पाल पडली तर दूध टाकून द्यावं हे बरोबर, पण विषामुळे नव्हे. पालीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असतात, त्यांनी जुलाब-उलट्या होतात.

आता परस. तुमच्याकडे प्राणी जास्त झालेत असं नाही, त्यांची घरं चुकीच्या जागी आहेत. विटा-फरशांचा ढीग घराच्या भिंतीला टेकलेला, कंपोस्ट मागच्या दाराशी. ढिगाखाली सापसुरळ्या, कंपोस्टला उंदीर, नळाच्या ओलीला भेक. सापसुरळी आणि उंदीर हे मण्यारीचं खाणं, उंदीर आणि भेक-बेडूक हे नाग-धामणीचं. म्हणजे सापाने शिकारीला कुठे फिरावं याचा रस्ता तुमच्या उंबऱ्यावरून आखून दिलाय. तोच रस्ता उचलून मागच्या भिंतीला न्यायचा, काम एवढंच.

घराला लागून तीन फुटांचा पट्टा पूर्ण उघडा ठेवा. मुरूम टाकून धुमसून घट्ट करा, किंवा फरशी घालून सांधे सिमेंटने भरा. बरेच जण इथे खडी पसरतात, ती चूक. खडीच्या पोकळ्यांत झुरळं राहतात आणि झुरळांमागे सापसुरळ्या, मग पहिलेच पाढे पंचावन्न. पट्ट्यात कुंड्या ठेवायच्या तर लोखंडी स्टँडवर, खालून झाडू फिरेल इतक्या उंच.

विटा-फरशा हलवताना घाई नको. ऊन पडलेलं असताना, सकाळी अकराच्या पुढे हलवा. तेव्हा सापसुरळ्या तापलेल्या असतात आणि पळू शकतात. गार सकाळी त्या सुस्त असतात आणि फरशीखाली चिरडतात. गमबूट आणि चामडी हातमोजे घालूनच. फरशीची पलीकडची कड आकड्याने किंवा कुदळीने उचलून फरशी आपल्याकडे कलती करा, म्हणजे फट तुमच्या विरुद्ध दिशेला उघडते आणि आत जे काही असेल ते तिकडे निघून जातं. सगळेजण जवळची कड उचलतात आणि जे असेल ते पायांवर घेतात. वापरायच्या विटा फूटभर उंचीच्या अँगलच्या चौकटीवर रचा.

बाकीच्या विटा-दगडांची मागच्या भिंतीशी रास करा, घरापासून किमान पंधरा फुटांवर. तुमचं परस २२ फूट खोल असेल तर जागा पुरते. तीन फूट रुंद, दीड फूट उंच पुरे. खाली मोठे चपटे दगड, मागून मातीने भरून घ्यायचं, उघडी बाजू पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन लवकर मिळतं. फटी बोटभर जाडीच्या, एक-दोन सेंटिमीटर. इथे हात सैल सोडलात आणि मूठ जाईल अशा फटी ठेवल्यात की सापसुरळीऐवजी उंदीर राहायला येतो, मग त्याच्यामागचा भाडेकरू कोण ते सांगायला नको.

जास्वंद अजिबात काढू नका. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ते प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही खरं आहे: तो त्याच रांगेत जगतो, तिथेच किडे-मुंग्या टिपतो, घरात यायची त्याला गरज नसते. फक्त जास्वंदीच्या खालच्या फांद्या जमिनीपासून वीतभर छाटा, म्हणजे खाली काय आहे ते उभ्याने दिसतं. झुडपाखाली तीन-चार इंच पालापाचोळा राहू द्या. तो जाळायचा नाही.

कंपोस्ट खड्डा बुजवा. झाकणाचा ड्रम घ्या, खाली विटा, हवेच्या भोकांना आतून सहा मिलिमीटरची जीआय (जस्ताचा लेप दिलेली लोखंडी) जाळी. शिजलेलं अन्न, अंड्यांची टरफलं आणि मटणा-माशाचं उरलेलं त्यात नको. घोरपड दोनदा आली ती बहुधा याच वासावर.

कार्बोलिक ॲसिडने साप पळत नाही. मुलाचे पाय, कुत्र्याचे पंजे आणि गांडुळं मात्र भाजतात. डांबरगोळ्यांचंही तेच, वर मुलाने तोंडात घातली तर वेगळीच धावपळ.

फेज_न्यूट्रल

स्टार्टरच्या पेटीतल्या पालीकडे दुर्लक्ष करू नका, यात पालीपेक्षा तुमच्या मोटरचं नुकसान मोठं आहे. पेटी उबदार असते, आत किडे येतात, म्हणून पाल राहते. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा आतला स्विच) ओढला जाताना ती पॉइंटमध्ये चिरडते. एका फेजचा पॉइंट नीट टेकत नाही, थ्री फेज मोटर दोन फेजवर घोंगावत राहते आणि ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) चुकीच्या अँपिअरला लावलेला असेल तर वाइंडिंग जळतं. सिंगल फेज मोटर असेल तर पॉइंट ठिणग्या मारून खराब होतात.

उपाय: मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून इलेक्ट्रिशियनकडून पेटी साफ करून घ्या. केबल जिथून आत जाते तिथे योग्य मापाचं केबल ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारं कडं). न वापरलेली नॉकआउट भोकं रबरी बुचांनी बंद. दाराची रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदला. भोकात कापूस किंवा थर्माकोल कोंबू नका, मुंग्या घर करतात आणि ठिणगीने पेटही घेतो.

एसीच्या बाहेरच्या युनिटचंही हेच. भिंतीतून पाइप येतात त्या भोकाभोवती पुट्टी भरा. युनिटच्या हवेच्या जाळीवर मात्र काही लावू नका, कंप्रेसर तापेल.

स्वयंपाकघरातल्या पालींसाठी औषध नाही, दिवा बदला. पांढऱ्या ट्यूबवर किडे जमतात आणि पाल किड्यांसाठी येते. ओट्याबाहेरचा आणि मागच्या दारावरचा दिवा पिवळसर, कमी वॅटचा लावा. जमलं तर दारावर न लावता दहा फूट लांब खांबावर लावा. पाली आपसूक तिकडे जातात. एक्झॉस्टला मागून झडप, दाराखाली ब्रशची पट्टी. दाराखालची फट पाच मिलिमीटरच्या आत आली पाहिजे, कारण सापाचं पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतून येतं. मोरीच्या पाइपाला बाहेरच्या तोंडाशी जाळी, आठवड्याला काढून धुवायची, नाहीतर तुंबते.

वारूळ

घोरपडीबद्दल. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. पकडणं, मारणं, बाळगणं, तिचं तेल किंवा कातडं विकणं, सगळाच गुन्हा आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. यात 'हत्था जोडी'ही आली. झाडाचं मूळ म्हणून जी वस्तू पूजेच्या सामानात खपवतात ती पुष्कळदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असते. सोसायटीतल्या कोणाला 'एक ओळखीचा येऊन घेऊन जाईल' असा सल्ला सुचलाच तर त्या ओळखीच्याला तिचं काय करायचंय ते आधी विचारा.

घोरपड दिवसा फिरते. उंदीर, बेडूक, भुंगेरे, गोगलगायी, पक्ष्यांची अंडी, मेलेलं काहीही खाते. माणसाच्या अंगावर येत नाही. कोंडीत सापडली की फुत्कारते, शेपटीचा फटका मारते, चावते आणि नखं लावते. म्हणून कोंडायची नाही. दिसली की कुत्रा आणि मूल आत, मागचं दार बंद, आणि भिंतीकडची तिची वाट मोकळी. बहुतेकदा अर्ध्या तासात निघून जाते. हाकलायला पाण्याचा पाइप सोडणं, काठी आपटणं हे उलट काम करतं: घाबरलेली घोरपड जवळच्या बिळात किंवा पाइपात शिरते आणि तिथे फुगून बसते, मग ओढून निघत नाही. यशवंती घोरपडीने कोंढाणा चढल्याची दंतकथा आहे, ती याच चिवट पकडीवरून रचलेली असावी.

सेप्टिक टँकचं झाकण, जमिनीतली पाण्याची टाकी, बोअरचा खड्डा, सगळं पक्कं झाका. एखादी खड्ड्यात पडलीच तर हात घालू नका. नऊ-दहा इंच रुंद फळी, तिला गोणपाट गुंडाळून, शक्य तितकी कलती सोडा आणि संध्याकाळपर्यंत तिथे कोणी फिरकू नका. उभी फळी चालत नाही, जखमी असेल तर ती घसरते. फळीने निघाली नाही किंवा घरात शिरली तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन.

अंगण_तळेगाव

खूप उपयोगी पडतंय. विटा हलवून झाल्या. नळाजवळच्या वाफ्यात खुरपं घालताना साधारण अडीच इंच खोल चौदा पांढरी मऊ अंडी निघाली, प्रत्येक बोराच्या बीएवढं. चार-पाच उघडी पडली आहेत, फुटलेलं एकही नाही. सापाची तर नाहीत ना? तिथून हलवायची तर कशी?

बांध_आणि_कुंपण

मापावरून आणि खोलीवरून सरड्याची. पावसाळ्यात मादी मऊ मातीत भोक पाडून दहा-वीस अंडी घालते आणि माती लोटून वरून डोक्याने दाबते. पालीची असती तर टणक, गोल आणि दोनच, कपाटामागे किंवा भिंतीच्या फटीत. धामणीची किंवा नागाची इंचापेक्षा बरीच मोठी असतात.

हलवू नका हे पहिलं उत्तर. तीच माती परत तितक्याच जाडीची पसरा, दाबू नका. वर इंचभर भोकांची तारेची जाळी चार दगडांनी दाबून ठेवा, म्हणजे कुत्रा आणि मुंगूस उकरत नाही आणि पिल्लं निघू शकतात. साधारण सहा-सात आठवडे लागतात. नळाचं पाणी वाफ्यात साठत असेल तर भोवती वीतभर बांध घाला. अंडी ओल शोषून फुगतात, तेवढी ओल हवी. पण पाण्यात बुडाली तर आतला जीव गुदमरतो. बरीच अंडी याच चुकीने जातात.

हलवणं भागच असेल तर एक गोष्ट विसरू नका: सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नसतात. एक-दोन दिवसांत गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटलं की मरू शकतो. आहे तसंच ठेवून प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने ठिपका द्या (स्केचपेन नको). चमच्याने खालच्या मातीसकट उचला, ठिपका वरच राहू द्या. नवी जागा दहा फुटांच्या आत, अर्ध्या उन्हाची. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. खोली तीच, अडीच इंच.

डराव

भेक आणि कुत्रा यावर कोणी बोललं नाही. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगवट्यांत विष असतं. कुत्र्याने तोंडात धरलं की लगेच तोंडाला फेस येतो, डोकं झटकतो, पंजाने तोंड पुसतो. नळाच्या मंद धारेने तोंड बाजूने धुवा, डोकं खाली झुकवून, पाच-दहा मिनिटं. पुढून धार मारली तर तेच पाणी घशात जातं. लाळ थांबली नाही, झोक जायला लागला किंवा झटके आले तर सरळ पशुवैद्य. पावसाळ्यात रात्री कुत्र्याला परसात मोकळं सोडू नका, पट्टा लावून न्या. याने सापाचाही प्रश्न निम्मा सुटतो. पायात बूट, हातात टॉर्च हे माणसांनाही लागू.

नळाची गळती बंद करा आणि पाण्याची जागा ठरवून द्या. फूटभर व्यासाचं मातीचं परळ, खोली इंच-सव्वा इंच, मध्ये एक खडबडीत दगड, मागच्या राशीजवळ जमिनीवर. पक्ष्यांसाठी दुसरं चार फूट उंचीवर. गुळगुळीत स्टीलचं किंवा चिनी मातीचं भांडं नको, त्यात सरडा पडला की वर येऊ शकत नाही. पाणी एक दिवसाआड बदला आणि कड नारळाच्या शेंडीने घासा. नुसतं ओतून भरलंत तर डेंग्यूच्या डासाची अंडी तशीच राहतात, कारण ती पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. गप्पी मासे सोडायचा सल्ला कोणीतरी देईलच. परळाला त्यांची गरज नाही आणि डबक्यात सोडले तर बेडकांची पिल्लंही खातात. ओढ्यात तर कधीच सोडू नका.

बादल्या, ड्रम, अर्धं पाणी असलेली टाकी यांत काथ्याची दोरी लोंबती सोडून ठेवा, तळापर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे.

वारूळ

पेस्ट कंट्रोलचा विषय राहिला. बाहेरून फवारणी करायला देऊ नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं मासे आणि बेडकांच्या पिल्लांना फार घातक, आणि पहिल्या पावसात ती ओढ्यातच जातात. झुरळांसाठी ओट्याच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली जेलचे ठिपके पुरतात.

उंदरांना ब्रोमाडायोलोनची वडी तर नकोच. ती खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस जगतो, पण मंदावतो. नेमका तोच धामण, गव्हाणी घुबड किंवा मांजर उचलते आणि विष तिच्या पोटात जातं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारे आपण पैसे खर्चून मारतो. तारेचा पिंजरा लावा, आत सुकट किंवा भजं, संध्याकाळी भिंतीकडेने. चिकट कागदही नको, त्यावर उंदराच्या आधी पाल आणि चिचुंद्री चिकटते. कोणी चिकटलंच तर खाद्यतेल थेंबाथेंबाने मऊ ब्रशने अंगाखाली सरकवा. दहा मिनिटं लागतात, ओढायचं नाही. रॉकेल-पेट्रोल तर मुळीच नाही.

साप दिसला तर आठ-दहा फुटांवरून नजर ठेवा आणि १९२६ किंवा वनविभागाकडे नोंद असलेला सर्पमित्र. चावलाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि जवळपास दुखत नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून.

अंगण_तळेगाव

शेवटचं एक. लिंबावरच्या अळ्या आणि भाजीवरचे बुलबुल यासाठी नायलॉनची जाळी आणली आहे, मोठ्या भोकांची. लावू का?

बांध_आणि_कुंपण

लिंबाला नको. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतील तर त्या पाकोळ्यांच्या. नीलवंत, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतं. झाड पुरुषभर झालं असेल तर वीस-पंचवीस अळ्यांनी त्याला काही होत नाही, रोप असेल तर अळ्या उचलून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर सोडा. बहुतेक त्यावरही जगतात.

भाजीला मोठ्या भोकांची सैल जाळी म्हणजे सापळा. सरडा मान घालतो, खवले उलटे अडकतात, मागे येता येत नाही आणि उन्हात तासाभरात मरतो. करंगळी आत जाणार नाही एवढ्या बारीक भोकांची, पांढरी जाळी घ्या. बांबूच्या कमानीवर ढोलासारखी ताणा आणि खालची कड मातीत दोन इंच पुरा किंवा सरळ फूटभर वर ठेवा. मधलं काही नको, जमिनीवर लोळणारी कड सर्वांत वाईट. रोज सकाळी एक फेरी मारा.

हंगाम संपल्यावर जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका, खिळ्याला टांगा. जमिनीवर पडलेल्या गुंडाळीत धामण शिरली की प्रत्येक वेटोळ्यागणिक गाठ आवळते, आणि मग ती सोडवायला सर्पमित्राला बोथट टोकाची कात्री घेऊन तास-दीड तास बसावं लागतं.